विश्लेषण : कॉफीचे भाव पडले तरी शेतकरी तगतो का? ‘फेअरट्रेड’ कसे चालते?

अरेबिका कॉफी पिकवणारे बहुतांश शेतकरी लहान. पण तिचा भाव ठरतो न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात. ही तफावत कमी करण्यासाठी ‘फेअरट्रेड’ची व्यवस्था उभी राहिली.

सुरुवात कुठून झाली?
मेक्सिकोतील छोट्या कॉफी उत्पादकांच्या मागणीतून १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘मॅक्स हॅवलार’ हे लेबल आले. पुढच्याच वर्षी जागतिक कॉफी करारातील निर्यात कोटा पद्धत मोडली आणि भाव कोसळले.

दर किती?
ऑगस्ट २०२३ पासून धुऊन प्रक्रिया केलेल्या अरेबिकाला पाउंडमागे (सुमारे ४५४ ग्रॅम) किमान १.८० डॉलर. बाजारभाव याहून जास्त असेल, तर तोच द्यावा लागतो. शिवाय २० सेंट सहकारी संस्थेला मिळतात. ते कशावर खर्च करायचे, हे सभासद ठरवतात.

मग गरिबी हटते का?
तेवढ्याने नाही. आपल्याकडील हमीभावासारखी सरकारी खरेदी इथे नसते. कंपन्या जेवढी कॉफी या अटींवर घेतील, तेवढ्यालाच हा दर. उरलेली खुल्या बाजारात विकावी लागते. प्रमाणपत्राचा खर्चही संस्थेच्याच माथी. भूमिहीन तोडणी मजुरांपर्यंत लाभ क्वचितच पोहोचतो. म्हणजे मंदीत हा दर आधार देतो. पण खरेदीच झाली नाही, तर तो कागदावरच राहतो.