दमण्याआधीचा विसावा

"दमलात का?" या प्रश्नाला घरातील ज्येष्ठांचे उत्तर बहुधा ठरलेले असते: "छे, मी कुठे दमलो!" या उत्तरात थोडा स्वाभिमान असतो, थोडी सवय असते, आणि पुष्कळदा ते प्रामाणिकही असते. कामात गुंतलेल्या माणसाला स्वतःची दमणूक फार उशिरा कळते. हे केवळ वार्धक्याचे लक्षण नव्हे. पारखून निवडलेल्या, धडधाकट अंतराळवीरांनाही हाच अनुभव आला, आणि त्यावर सापडलेला उपाय आपल्या घरातही उपयोगी पडावा असा आहे.

५ जून १९६६ रोजी अमेरिकेच्या जेमिनी-९ यानातून युजीन सर्नन अवकाशात बाहेर पडले. तिथे शरीराला भार नाही, तेव्हा काम हलके जाईल, अशी समजूत होती. प्रत्यक्षात पाय रोवायला जागा नव्हती, हाताला पुरेसा आधार नव्हता आणि हवेने ताठरलेला पोशाख प्रत्येक हालचालीला अडवत होता. शरीर स्थिर ठेवण्यातच त्यांची शक्ती खर्ची पडली. नाडीचे ठोके मिनिटाला १८० च्या घरात गेले, शिरस्त्राणाची काच बाष्पाने धूसर झाली आणि काम अर्धवट सोडून त्यांना यानात परतावे लागले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात जेमिनी-१२ मधून गेलेल्या बझ ऑल्ड्रिन यांनी आधी पाण्याच्या तलावात या कामाचा सराव केला होता. पाय अडकवण्यासाठी खोबणी आणि धरण्यासाठी दांडे बसवले होते. विशेष म्हणजे, कामाच्या वेळापत्रकातच दोन-दोन मिनिटांच्या विश्रांती लिहिलेल्या होत्या. दमल्यावर थांबायचे नव्हते, तर वेळ झाली की थांबायचे होते. त्यांचे काम सुरळीत पार पडले.

आज ह्यूस्टन येथे या सरावासाठी सुमारे ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल तलाव आहे. तेथील सराव सहा-सहा तास चालतो. अंतराळवीराभोवती पाणबुडे असतात, काठावर वैद्यकीय मदत सज्ज असते. पोशाखामुळे हाताचे पंजे आणि खांदे विशेष दमतात, तिकडेही लक्ष ठेवावे लागते. प्रत्यक्ष अवकाशात हृदयाचा आलेख जमिनीवरील डॉक्टरांना दिसत राहतो. किती प्राणवायू खर्च झाला, यावरून श्रमाचा अंदाज बांधला जातो. अंगालगतच्या वस्त्रातील बारीक नळ्यांतून गार पाणी खेळवून शरीराची उष्णता काढून घेतली जाते. अंतराळवीर "मी ठीक आहे" म्हणत असला, तरी निर्णय केवळ त्या शब्दावर सोडत नाहीत.

ही दृष्टी वर्धेकरांना परकी वाटू नये. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले तेव्हा त्यांनी वयाची साठी ओलांडली होती. त्या काळातील त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने प्रसिद्ध केल्या आहेत: १९३७ मध्ये १९४/१३०, तर १९४० मध्ये २२०/११०. आजच्यासारख्या रक्तदाबाच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. म्हणून आहार, विश्रांती आणि वेळोवेळी केलेली मोजणी यांनाच महत्त्व होते. त्यांचे सोमवारचे मौन ही साधना होती खरी. पण आठवड्याच्या क्रमातच बसवलेला तो विसावाही होता.

आता आपल्या घराकडे वळू. पहिली गोष्ट आधाराची. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा, बसून अंघोळ करण्यासाठी न घसरणारे स्टूल, जिन्याला कठडा एवढ्यानेही तोल सांभाळण्यात वाया जाणारी शक्ती वाचते.

दुसरी गोष्ट विश्रांतीची. भाजी निवडणे, कपडे वाळत घालणे, बाजारात जाणे ही कामे सलग न करता मध्ये पाच-दहा मिनिटे बसण्याची वेळ आधीच ठरवावी. वैशाखात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो. तेव्हा बाहेरची कामे सकाळी लवकर उरकावीत. वाढत्या वयात तहान कमी जाणवते, म्हणून पाणीही घड्याळ पाहून प्यावे. मात्र हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

तिसरी गोष्ट निरीक्षणाची, आणि ती काळजी घेणाऱ्यांची आहे. "दमलात का?" असे विचारण्याऐवजी चालता चालता सहज गप्पा माराव्यात. पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत असेल, तर श्रम झेपत आहेत असे समजावे; दोन-तीन शब्दांनी धाप लागत असेल, तर थांबावे. "शून्य ते दहापैकी किती दमणूक?" हा प्रश्नही उपयोगी पडतो, आकडा सांगण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. थांबल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, तेही पाहावे. नाडी मोजायची तर मनगटावर पूर्ण मिनिटभर मोजावी. हृदयाची गती मंदावणारी औषधे चालू असल्यास श्रमानंतरही नाडी फारशी वाढत नाही. अशा वेळी श्वास आणि बोलणे यांवरच अधिक विसंबावे.

छातीत दाब किंवा वेदना, बसल्या जागी धाप, थंड घाम, भोवळ, उन्हातून आल्यावर असंबद्ध बोलणे किंवा अंग तापणे, यांपैकी काहीही दिसल्यास "जरा पडतो, बरे वाटेल" यावर विसंबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उन्हाचा त्रास असल्यास ती येईपर्यंत सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंग ओल्या कापडाने पुसत राहावे.

येत्या पंधरवड्यात एक साधी वही करावी. रोज एकच ओळ: काय काम केले, किती दमणूक, श्वास किती मिनिटांत शांत झाला. गेल्या आठवड्यात तीन मिनिटांत शांत होणारा श्वास तेवढ्याच चालण्यानंतर आता दहा मिनिटे घेत असेल, तर तक्रार नसली तरी डॉक्टरांना भेटावे. सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात, अथवा गावातील आपल्या डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्यावी. "बरे आहे" या उत्तरात जे सुटते, ते त्या ओळींत त्यांना सापडेल.