रात्री दहानंतरचे ताट

प्रतिनिधी, वसई

रात्रीचे नऊ वाजतात. विरार लोकल नालासोपाऱ्याला बरीचशी रिकामी होते आणि पाठीवर बॅग अडकवलेल्या नोकरदारांतील काही पावले घराऐवजी थेट जिमच्या जिन्याकडे वळतात. वसई-विरार पट्ट्यात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या व्यायामशाळा आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. तेथे येणाऱ्या बहुतेकांची इच्छा एकच असते, पोट कमी करण्याची. त्यांना पडणारा प्रश्नही बहुधा एकच असतो. व्यायाम संपता संपता दहा वाजतात. त्यानंतर जेवायचे की उपाशी झोपायचे?

वरवर पाहता हा आहाराचा प्रश्न आहे. पण त्याची मुळे रेल्वेच्या वेळापत्रकात आहेत. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून बॅकबेकडे पहिली उपनगरी गाडी धावली, तेव्हापासून येथील माणसाचे उठणे-बसणे गाडीशी बांधले गेले. महापालिका २००९ मध्ये अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर गेलेली होती. नोकऱ्या मात्र मोठ्या प्रमाणात दक्षिणेकडेच राहिल्या. लोअर परळला सात वाजता कार्यालयातून सुटणारा कर्मचारी विरारला पोहोचतो नऊच्या सुमारास. सव्वानऊ ते दहा व्यायाम, सव्वादहाला घर, आंघोळ, पावणेअकराला ताट आणि पावणेबाराला अंथरूण. पहाटेचे पाणी भरायचे असेल आणि बसायला जागा मिळेल अशी गाडी पकडायची असेल, तर पाचला उठणे आले. ‘सकाळी व्यायाम करा’ हा सल्ला देणारे तज्ज्ञ बहुधा विरारला राहत नसावेत.

महाराष्ट्रात आहाराविषयीचा वाद काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ या तीन शब्दांत मांडला जात असे. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांच्या आधारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालण्याचा मंत्र दिला. ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने, स्थानिक आणि घरचे अन्न खाण्याचा पुरस्कार केला. घराघरांत दोन तट पडले. परंतु रात्री दहाला घामाघूम होऊन जिमबाहेर पडणाऱ्याला या वादातून थेट उत्तर मिळाले नाही. त्याने स्वतःच एक तिसरा मार्ग काढला. व्यायाम केला, आता जेवलो तर सगळे वाया जाईल, म्हणून ग्लासभर पाणी पिऊन झोपायचे.

हा मार्ग कितपत खरा आहे? चरबी घटण्यासाठी शरीराला खर्चापेक्षा कमी उष्मांक मिळावे लागतात, हा हिशेब दिवसाचा आणि आठवड्याचा असतो. रात्री आठनंतर पोटात गेलेली पोळी आपोआप चरबी होत नाही. सत्तर किलो वजनाच्या माणसाने तासभर वजने उचलली तरी खर्च होतात साधारण अडीचशे ते साडेतीनशे उष्मांक. स्थानकाबाहेरचा एक वडापाव आणि गोड चहा ही कमाई जवळजवळ पूर्ण परत घेतात.

तरीही घड्याळ अगदीच निरर्थक आहे असे नाही. २०२२ मध्ये बॉस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयातील संशोधकांनी १६ स्थूल किंवा जादा वजनाच्या व्यक्तींना तेच अन्न चार तास उशिरा देऊन पाहिले. भूक वाढली, तृप्तीचा संकेत देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटले आणि शरीराचा ऊर्जाखर्चही काहीसा उतरला. या निष्कर्षाचा गाजावाजा बराच झाला. परंतु त्या प्रयोगातील माणसे व्यायामशाळेतून आलेली नव्हती, आणि तेथे पुढे सरकवलेले होते ते दिवसभराचे सगळेच जेवण.

व्यायाम करणाऱ्यांबाबतचा पुरावा वेगळा बोलतो. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे २०१२ मध्ये सोळा तरुणांना रात्री आठ वाजता वजने उचलायला लावून झोपण्याच्या अर्धा तास आधी काहींना ४० ग्रॅम दुधातील प्रथिन देण्यात आले. झोपेत त्यांच्या स्नायूंची बांधणी न घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक झाली. झोपेतही शरीर रात्रीचे अन्न वापरते, हे त्यातून दिसले. जिममध्ये ज्याची धास्ती घातली जाते ती ‘अर्ध्या तासाची खिडकी’ मात्र फारशी खरी नाही. २०१३ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वेळेपेक्षा दिवसभरात एकूण किती प्रथिने मिळाली याला अधिक महत्त्व असल्याचे आढळले. घरी जाऊन आंघोळ करून खाल्ले तरी काही बिघडत नाही.

स्नायूंचा हा प्रश्न आपल्याकडे अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच शरीरे मोजून प्रसिद्ध केली होती. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. अंगाने बारीक दिसणारा भारतीयही आतून चरबी बाळगून असतो, हे त्या छोट्याशा लेखाने जगाला दाखवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाचा लठ्ठपणा आढळला. ज्यांच्याकडे मुळातच स्नायू कमी, त्यांनी व्यायाम करून उपाशी झोपणे म्हणजे भांडवलातूनच खर्च करणे होय. काटा खाली येतो, पण घटते काय, हे काटा सांगत नाही.

आणि येथेच रात्रीच्या ताटापेक्षा मोठा गुन्हेगार समोर येतो. शिकागो विद्यापीठात २०१० मध्ये दहा जादा वजनाच्या व्यक्तींवर प्रयोग झाला. आहार मोजून कमी केलेला. चौदा दिवस झोपेसाठी साडेआठ तास, आणि दुसऱ्या टप्प्यात तेवढेच दिवस साडेपाच तास. वजन दोन्ही वेळा जवळपास सारखेच घटले. पण पुरेशा झोपेच्या काळात १.४ किलो चरबी गेली, अपुऱ्या झोपेत केवळ ०.६ किलो, उरलेली घट मुख्यतः स्नायूंसह चरबीविरहित भागाची होती. प्रयोग छोटा आहे, हे मान्य. तरीही पावणेबारा ते पाच हा विरारकराचा झोपेचा हिशेब त्या साडेपाच तासांपेक्षाही कमी भरतो. दहा वाजताच्या दोन पोळ्यांवर रागावणारा माणूस या सव्वापाच तासांबद्दल चकार शब्द काढत नाही.

मग करायचे काय? उत्तर रात्रीत नसून संध्याकाळी सहाच्या डब्यात आहे. दिवसाच्या आहाराचा मोठा भाग कार्यालयात असतानाच संपवता आला, म्हणजे दुपारी पोटभर जेवण आणि निघण्यापूर्वी पोळी-भाजी, उसळ, उकडलेली अंडी किंवा दही-पोहे, तर रात्री ताटावर तुटून पडण्याची वेळ येत नाही. व्यायामापूर्वी एखादे केळे, वसईची सुकेळी मिळाल्यास तीही, पुरेशी होते. सुकेळी गोड असते, त्यामुळे हात आखडता हवा. (प्रस्तुत प्रतिनिधीचा डबा सहा वाजता बहुधा रिकामाच असतो, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करावे लागेल.) दहानंतर हलके, पण प्रथिनांचे ताट असावे. दोन अंड्यांतून साधारण १२ ग्रॅम प्रथिने मिळतात, शंभर ग्रॅम पनीरमधून सुमारे १८ आणि तेवढ्याच मासळीतून जवळपास तितकीच. वाटीभर घट्ट वरण, भाजी, एक पोळी किंवा थोडा भात एवढे पुरे. अर्नाळा-पाचूबंदरच्या किनाऱ्यावर ताजी मासळी येत असताना ती तळूनच खाल्ली पाहिजे असा नियम नाही, कालवण चालते. तेलकट, भरगच्च जेवण करून लगेच आडवे झाल्यास छातीत जळजळ होते आणि झोप मोडते, हे वेगळे सांगायला नको.

पावडरच्या डब्यांबद्दल मात्र सावध राहिलेले बरे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांनी प्रथिनांची पूरके टाळण्याचा सल्ला दिला आहे. त्याच वर्षी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पूरकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्क्यांवर प्रथिनांची माहिती चुकीची होती, तर काहींमध्ये बुरशीजन्य विष आढळले. हजारो रुपये मोजून घेतलेल्या डब्यात नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही अनेकदा ठाऊक नसते.

एका गटाने तर उपाशी झोपण्याचा प्रयोग करूच नये. जे मधुमेही इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेतात, त्यांची साखर संध्याकाळच्या व्यायामानंतर कित्येक तासांनी, भर झोपेत घसरू शकते. दरदरून घाम, भयानक स्वप्ने, सकाळी डोके जड, ही त्याची लक्षणे. व्यायामाची वेळ बदलताना त्यांनी औषधांच्या मात्रेबाबत आपल्या डॉक्टरांशी बोलणे अत्यावश्यक आहे. जिमच्या नोंदणी अर्जात मधुमेहाचा रकाना असतो. तो भरल्यावर पुढे कोणी वाचतो का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

राहता राहिली झोप. रात्रीचा व्यायाम झोप उडवतो हा समजही तपासून पाहिला गेला आहे. झ्युरिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये २३ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा संध्याकाळच्या व्यायामाने झोप सहसा बिघडत नाही, मात्र अंथरुणाला टेकण्यापूर्वी तासाभरात संपलेला जोरकस व्यायाम त्रास देऊ शकतो, असे आढळले. म्हणजे दहाला व्यायाम संपवणाऱ्याला अकराच्या पुढे झोपायला अडचण नाही. अडचण आहे ती पावणेबाराची आणि पाचच्या गजराची. आठवड्यातून सहा दिवस जिमला जाणाऱ्याने तीनच दिवस जावे, उरलेल्या तीन रात्री साडेनऊला जेवून साडेदहाला झोपावे, तर आठवड्याला जवळपास चार तासांची झोप पदरात पडते. रविवारी सकाळी सुरुची बागेच्या किनाऱ्यावर चालायला जाणे त्यातूनही जमू शकते, आणि त्यासाठी कोणत्याही लोकलची वाट पाहावी लागत नाही.