मोजमाप शेवटच्या रांगेतून

महोत्सव यशस्वी झाला, हे ठरवायचे कोणी? आजवर हा निर्णय व्यासपीठावरून होत आला आहे. गर्दी किती, पाहुणे किती मोठे, रोषणाई किती दिपवणारी, एवढ्यावर अहवाल पुरा होतो. ज्याच्या कराच्या पैशातून हा थाट उभा राहतो, त्या प्रेक्षकाला मात्र क्वचितच कोणी काही विचारतो.

या उपेक्षेची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंची उपस्थिती हीच त्याची शोभा मानली गेली. छाया व्यासपीठाला मिळाली. जनसमुदाय भर उन्हात बसला. उष्माघाताने 14 जण दगावले. डोकी मोजली गेली, त्या डोक्यांवरचे ऊन हिशेबात धरले गेले नाही.

मोजणीच निरर्थक, असे आमचे म्हणणे नाही. नाशिकच्या 2003 च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत 39 भाविकांचा बळी गेला. तेथेच 2015 च्या सिंहस्थात एका शाळकरी मुलाने साथीदारांसह तयार केलेली, पावले मोजणारी चटई वाटेवर अंथरली गेली. गर्दी कोठे दाटते आहे, हे वेळीच कळावे, हा तिचा हेतू. परंतु चटई पाऊल मोजते. ते पाऊल थकले होते की भ्यालेले, हे माणसालाच विचारावे लागते.

छत्रपती संभाजीनगरात सोनेरी महालाच्या पटांगणात वेरूळ-अजिंठा महोत्सव भरतो. गारखेड्यातील कामगार कुटुंबाचा महोत्सव त्या फाटकाशी सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही. तिकीट परवडले का? मागच्या रांगेत ऐकू आले का? बायकांसाठी स्वच्छतागृह होते का? रात्री परतायला बस मिळाली का? अनुभवाचे खरे मोजमाप या चार प्रश्नांत आहे.

हे प्रश्न भ्रमणध्वनीवर पाठवून भागणार नाही. आवडीचे चेहरे निवडूनही नव्हे. फाटकाबाहेर पडणाऱ्या दर दहाव्या माणसाला तोंडी विचारावे, मराठीत आणि उर्दूतही. जे आलेच नाहीत, त्यांना वस्तीत जाऊन विचारावे. पटांगण झाडणाऱ्यांना तर अवश्य विचारावे. आणि उत्तरे महिन्याभरात जाहीर करावीत.

शासन हे करील तेव्हा करील. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात पुढचा मोठा कार्यक्रम होईल, तेव्हा कार्यकर्त्यांनी वही-पेन्सिल घेऊन फाटकाबाहेर उभे राहावे. लोकांचा उत्सव लोकांनीच मोजला पाहिजे.