फक्त तीन डबे शिल्लक

गेल्या दिवाळीच्या आधी महिनाभर माझी एक माजी विद्यार्थिनी घरी आली होती. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कचेरीत ती नोकरी करते. तिचे काम लिहिण्याचे आहे. पण ती कथा लिहीत नाही की बातम्या लिहीत नाही. व्यापाऱ्यांच्या संकेतस्थळांसाठी ती मजकूर लिहिते, आणि तेथे डोकावून जाणाऱ्यांपैकी किती जण प्रत्यक्ष पैसे भरतात यावर तिच्या लेखनाची किंमत ठरते. शंभर जणांनी पान उघडले आणि दोघांनी खरेदी केली तर मजकूर बरा. चौघांनी केली तर उत्तम. इतका निर्विवाद निकष साहित्याच्या समीक्षकांना आजवर सापडलेला नाही.

तिने सोबत दोन मजकूर आणले होते. दोन्ही एकाच मालाविषयी होते. चारकोपच्याच एका सेक्टरमध्ये राहणाऱ्या एक काकू दिवाळीचा फराळ करून विकतात, त्यांच्या चकल्यांविषयी. पहिल्या मजकुरात भाजणीत काय काय घातले आहे, तळण कोणत्या तेलातले आहे, अर्ध्या किलोच्या डब्यात साधारण किती चकल्या बसतात, डबा कधी भरला आणि पुण्याला तो किती दिवसांत पोचतो, एवढे लिहिले होते. दुसऱ्यात यातले काहीही नव्हते. वर ठळक अक्षरांत ‘फक्त तीन डबे शिल्लक’ अशी सूचना, तिच्याखाली ‘सतरा जण हा पदार्थ आत्ता पाहत आहेत’ अशी वर्दी, आणि शेजारी उलटे धावणारे घड्याळ. वास्तविक डबे भरपूर होते. सतरा हा आकडा यंत्राने आपल्या मनाने काढलेला होता, आणि घड्याळ शून्यावर आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. कचेरीने निम्म्या लोकांना एक व निम्म्यांना दुसरा मजकूर दाखवून पाहिला. पहिल्या आठवड्यात दुसऱ्याने बाजी मारली.

‘सर, ज्याने माल जास्त खपतो ते लिहिण्यात चूक काय?’ असे तिने विचारले. प्रश्नात उद्धटपणा नव्हता. वीस वर्षे फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढणाऱ्या माणसाला हे विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. आणि त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. चूक आहे एवढे म्हणून मी चहा मागविला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

प्रथम हे सांगितले पाहिजे की मोजून मापून लिहिण्याची ही रीत संगणकाने जन्माला घातलेली नाही. क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातलेखकाने १९२३ साली ‘सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग’ हे छोटेखानी पुस्तक लिहिले. जाहिरातीच्या कोपऱ्यात कापून पाठविण्याचे कूपन छापावयाचे, प्रत्येक जाहिरातीच्या कूपनावर वेगळी खूण ठेवावयाची, आणि टपालाने आलेली कूपने मोजून कोणता मथळा चालला ते ठरवावयाचे, अशी ती पद्धत. मात्र मोजमापाच्या या आद्य पुरस्कर्त्याचा अनुभव असा होता की ‘जगात सर्वोत्तम’ यांसारखी विशेषणे वाचकाच्या मनावरून घसरून जातात आणि नेमकी, तपासता येण्याजोगी माहिती मनात ठसते. त्याच्या आजच्या वारसांनी मोजणी तेवढी घेतली आणि हा निष्कर्ष सोयीस्करपणे वगळला.

याचा अर्थ असा नव्हे की गिऱ्हाइकाचे मन वळविणे हेच मुळी गैर आहे. मराठी मध्यमवर्गात विक्रीविषयी एक प्रकारचे सोवळे आहे. चांगला माल आपोआप खपतो, बोलावे लागते तेथेच पाणी मुरते, अशी आपली समजूत. कांदिवलीच्या बाजारातील गुजराती दुकानदाराला हे सांगून पाहावे. ‘बोले तेनां बोर वेचाय’ असे तो हसून ऐकवील. आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर हे त्याचे आपल्याच घरातले उदाहरण आहे. नांगर चांगला होता, तरीही सुरुवातीला तो पडून राहिला, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता. ‘त्वरा करा, तीनच नांगर उरले’ असे ओरडून तो समज गेला नसता. शेतकऱ्याच्या मनातली शंका ओळखून तिलाच उत्तर द्यावे लागले. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले, त्यामागेही कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत पोचविण्याचा हेतू होता. त्यातूनच पुढे मराठीतले एक नामांकित मासिक उभे राहिले. गिऱ्हाईक मिळविण्यासाठी लिहिलेला मजकूर गिऱ्हाइकाला शहाणे करू शकतो, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

तेव्हा आक्षेप पटविण्याला नाही. चकलीच्या पहिल्या मजकुरात काकूंच्या वतीने गिऱ्हाइकाच्या शंकांना उत्तरे आहेत. दुसऱ्यात शंका येण्याइतका वेळच मिळू नये अशी व्यवस्था आहे. मोजणीच्या वहीत मात्र दोन्हींची नोंद सारखीच होते. पैसे भरले की एक आकडा वाढतो. डबा घरी आल्यावर आपण उगाच घाई केली असे वाटले, तर त्याची नोंद करण्यास वहीत रकाना नाही.

पण यातले खरे नुकसान घाईने डबा घेणाऱ्याचेही नव्हे. चकली वाईट नव्हती. त्याला फार तर एक डबा जास्त झाला. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर जो निबंध लिहिला, आणि ज्या विचारासाठी २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना दोघा सहकाऱ्यांसह मिळाले, त्याचा गाभा असा : मालाचा कस विक्रेत्याला कळतो आणि गिऱ्हाइकाला कळत नाही, तेथे चांगल्या मालालाही वाईट मालाचाच भाव मिळू लागतो आणि चांगला विक्रेता बाजार सोडतो. मोटारीच्या जागी ‘फक्त तीन डबे शिल्लक’ हे वाक्य ठेवून पाहा. ज्या दिवशी काकूंकडे खरोखरच तीन डबे उरतील, त्या दिवशी त्यांनी काय लिहावे? तेच वाक्य शंभर संकेतस्थळांनी खोटे वापरून झिजविले असेल, तर खरे बोलण्यासाठी त्यांच्याजवळ शब्दच उरत नाहीत. विश्वासार्ह वाक्य ही सार्वजनिक विहिरीसारखी मालमत्ता आहे. ती उपसणाऱ्याला फायदा होतो आणि तळ लागल्याचा खर्च भलत्यानेच सोसावा लागतो. वर्गात आपण याला बाह्य परिणाम म्हणतो, आणि उदाहरण नेहमी कारखान्याच्या धुराचे देतो.

सरकारच्या हे लक्षात आलेले नाही असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा तेरा क्लृप्त्यांची यादी दिली. खोटी निकड तीत आहेच. न मागितलेली वस्तू टोपलीत सरकविणे, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाजविणे, शेवटच्या पायरीवर किंमत वाढविणे, वर्गणी सुरू करणे सोपे व बंद करणे दुष्कर ठेवणे, ही आणखी काही. तुम्हा-आम्हा पगारदारांपैकी ज्याच्या खात्यातून दरमहा विसरलेली वर्गणी जाते त्याला शेवटचा प्रकार समजावून सांगावयास नको.

कायद्याने व्यापार बुडेल, ही ओरड जुनीच आहे. घरांच्या बाजारात ती आपण नुकतीच ऐकली. चारकोपमधील आमची वसाहत जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या १९८५ च्या मुंबई नागरी विकास प्रकल्पातून उभी राहिली. म्हाडाने आखलेले भूखंड व मूलभूत सोयी दिल्या, घरे लोकांनी आपापली बांधली. त्यासाठी कोणाला ‘स्वप्नातले घर’ असे शब्द वापरावे लागले नाहीत. आज याच परिसरात उठणाऱ्या मनोऱ्यांच्या संकेतस्थळांवर स्वप्ने, समुद्राची झुळूक आणि ‘स्थानकापासून पाच मिनिटांवर’ हे सारे असते. पाच मिनिटे कोणत्या वाहनाने व किती वाजता, ते नसते. पण त्याच पानावर महारेराचा नोंदणी क्रमांकही द्यावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर चौकोनही, जो मोबाइलने टिपला की प्रकल्पाची नोंदविलेली माहिती समोर येते. चटईक्षेत्र म्हणजे काय हे आता कायद्याने ठरलेले आहे. जिने आणि व्हरांडे मिळवून फुगविलेले आकडे पूर्वी सर्रास चालत. जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून आगाऊ रक्कम भरणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते, इच्छा असल्यास व्याजासह पैसे परतही. हे सर्व होऊनही मुंबईत घरे विकली जातच आहेत. चकलीला नोंदणी क्रमांक द्यावा असे माझे म्हणणे नाही. परंतु नेमकेपणाची सक्ती झाली म्हणून गिऱ्हाईक पळत नाही, एवढे यातून दिसते.

जाता जाता भाषेविषयी. या संकेतस्थळांवरचे मराठी वाचवत नाही. इंग्रजीतून शब्दशः उतरविलेली, ‘आपला अनुभव उंचावा’ छापाची वाक्ये कोणाशी बोलतात कोण जाणे. आपल्या जुन्या दुकानदारांना हे शास्त्र शिकावे लागले नव्हते. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीत गर्व आहे, थोडा तुसडेपणाही आहे. पण त्यात एक तपासता येणारी गोष्ट सांगितलेली आहे, आणि ‘एकच भाव’ या दोन शब्दांनी तर घासाघीस करण्याचा संकोच असलेल्या किती तरी माणसांना दुकानाची पायरी चढविली. वाणिज्य शाखेत आम्ही जाहिरातीच्या व्याख्या पाठ करून घेतो. अशा पाटीचे विश्लेषण करावयास एकही तास देत नाही. माझ्या विद्यार्थिनीला त्या दिवशी उत्तर मिळाले नाही, त्यात या अभ्यासक्रमाचा आणि माझाही वाटा आहे.

दिवाळीनंतर ती पुन्हा भेटली. काकूंनीच हट्ट धरून घड्याळ काढावयास लावले होते. ‘पुण्याच्या वन्सं विचारतात, तुझे डबे रोज तीनच कसे गं उरतात?’ असे त्या म्हणाल्या म्हणे. आता पानावर त्या दिवशी भरलेल्या डब्यांची खरी संख्या येते, आणि संपले की पुढचे तळण कोणत्या दिवशी आहे ते लिहिलेले असते. खप पहिल्या आठवड्याइतका राहिला नाही. पुढील दिवाळीस त्याच घरांतून पुन्हा मागणी येईल असा काकूंचा भरवसा आहे. कचेरीचा हिशेब मात्र दर महिन्याच्या अखेरीस होतो, आणि त्या महिन्यात तिचा आकडा खाली गेला. साहेबांना काय सांगू, असे तिने मला विचारले आहे. अकेरलॉफचा निबंध मी तिला दिला. तो साहेबांपुढे ठेवून चालेल की नाही, हे दोघांनाही ठाऊक नाही.