तारे चिमणीला, तक्रार विहिरीची

गाळपाचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांच्या आसपासच्या वस्त्यांवरील बायका वाळत घातलेले कपडे दुपार कलायच्या आत काढून घेतात. बगॅसची काजळी धोतरावर बसली की झटकून जात नाही. चोळली तर आणखी पसरते. काजळी निदान दिसते तरी. आसवनीतले मळीचे पाणी जमिनीत मुरते आणि कधीतरी विहिरीत तांबूस रंगाने वर येते. मग ते कोणाचे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी शेतकऱ्याच्या गळ्यात. एका लिटर अल्कोहोलमागे असे 8 ते 15 लिटर सांडपाणी निघते. डझनाहून अधिक कारखाने असलेल्या आणि आता इथेनॉलमागे लागलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा हिशेब लहान नाही.

पर्यावरण सांभाळणाऱ्या उद्योगांची पाठ थोपटणाऱ्या सरकारी योजना मात्र बऱ्याच झाल्या आहेत. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने 5 जून 2017 रोजी ‘स्टार रेटिंग’ सुरू केले. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांवरून कारखान्याला एक ते पाच तारे मिळतात आणि ते कोणालाही पाहता येतात. केंद्राची ‘झेड’ (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) योजना तर पूर्णपणे ऐच्छिक. लघुउद्योगाने स्वतःहून अर्ज करायचा आणि कांस्य, रौप्य किंवा सुवर्ण प्रमाणपत्र मिळवायचे. शुल्कात सूक्ष्म उद्योगांना 80, लघुउद्योगांना 60 आणि मध्यम उद्योगांना 50 टक्के सवलत आहे. नागापूर किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपला मोठ्या कंपनीचे काम मिळवताना असे प्रमाणपत्र उपयोगी पडते.

या शाबासकीला आमचा विरोध नाही. उलट तिचे वजन वाढले आहे, कारण छडी हलकी झाली आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद ‘जनविश्वास’ कायद्याने काढली आणि 1 एप्रिल 2024 पासून तिच्या जागी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आला. कोट्यवधींच्या इथेनॉल प्रकल्पाला 15 लाख म्हणजे किरकोळ खर्च. अशा वेळी बक्षीस कशाचे, आणि त्यासाठी मोजले कोणी, हे नीट विचारायलाच हवे.

अमेरिकेत 2000 साली अशीच एक ऐच्छिक योजना आली होती. उत्तम कामगिरीचे वचन देणाऱ्या कारखान्यांना मान मिळे आणि त्यांच्या नियमित तपासण्याही कमी होत. 2007 मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेच्या महानिरीक्षकांनी 30 सदस्य तपासले, तेव्हा सगळी वचने पाळलेले दोनच निघाले. 2009 मध्ये योजना गुंडाळली गेली. बक्षीस म्हणून तपासणीतच सूट द्यायची, म्हणजे परीक्षेत पहिला आलेल्याला पुढची परीक्षा माफ! बक्षीस द्यायचेच तर बँक हमीची रक्कम कमी करा, संमतीपत्राचे नूतनीकरण झटपट करा, कर्जावरचे व्याज उतरवा. नमुने घेणे मात्र थांबवू नका.

नमुने घेणाऱ्याचा पगार कोण देतो, हा पुढचा प्रश्न. शेजारच्या गुजरातेत कारखानेच आपला पर्यावरण लेखापरीक्षक निवडत आणि त्याचे बिलही भरत. साहजिकच आकडे मर्यादेच्या किंचित खाली येत. 2009 ते 2011 दरम्यान काही कारखान्यांपुरते परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, मानधन सामाईक निधीतून दिले आणि फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे येऊ लागले आणि प्रदूषणही घटले.

आपल्या ताऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. ते चिमणीचे आहेत. प्रवरा-गोदाकाठची तक्रार पाण्याची आहे. बॉयलरला चांगली धूळरोधक यंत्रणा बसवून पाच तारे मिळवता येतील आणि मळीच्या पाण्याबद्दल कोणी अवाक्षर काढणार नाही. इंडोनेशियाने 1995 मध्ये सुरुवातच पाण्यापासून केली. 187 कारखान्यांना सोनेरी, हिरवा, निळा, लाल आणि काळा असे रंग ठरवले. आधी फक्त हिरव्यांची नावे जाहीर केली. लाल-काळ्यांना खासगीत कळवून सुधारायला सहा महिने दिले. काहीजण मुदतीत सुधारले.

ही पद्धत आपल्याकडे अधिक चालेल, कारण इथला कारखाना परका नाही. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 मध्ये उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. कारखान्याचा सभासद मालकही आहे आणि शेजारीही; ज्या विहिरीत रंग उतरतो ती त्याचीच. तरी वार्षिक सभेच्या अहवालात गाळप, साखर उतारा, एफआरपी (उसाचा किमान दर) पानोपानी असते, सांडपाण्याला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो. याच जिल्ह्यात हिवरे बाजारची ग्रामसभा पर्जन्यमापकाचे आकडे पाहून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिके ठरवते. (उसाला त्या गावात परवानगी नाही, हेही जाता जाता.) एका गावाला जमते ते हजारो सभासदांच्या संस्थेला का जमू नये?

प्रदूषण नियंत्रण मंडळाने ताऱ्यांत पाणी धरावे, आसवनीच्या आसपासच्या विहिरींचे नमुने हंगामाआधी आणि हंगामानंतर घ्यावेत आणि ते आकडे सभेच्या अहवालात उताऱ्याच्या तक्त्याखालीच छापणे बंधनकारक करावे. सवलती त्या तक्त्यावरून ठरवाव्यात. आकडे छापले की विरोधक त्यांचे राजकारण करतील, असे संचालक मंडळी म्हणतील. करतील की! उसाच्या दराचेही करतात, म्हणून दर जाहीर करणे कोणी सोडलेले नाही.