थोबाड काय पाहून राहिला बे!

मंडळी, आमच्या ऑफिसात सध्या अंतर्ज्ञानी लोकांचा सुळसुळाट झालाय. पोकरचे व्हिडिओ बघून यांना समोरच्याच्या मनातलं कळतं म्हणे! नाक खाजवलं, ब्लफ. नजर चुकवली, ब्लफ. माइक कॅरोचं १९८४ चं पुस्तक म्हणजे यांची गीताच.

माझं पत्त्यांचं शिक्षण भंडारा जिल्ह्यात, साकोलीजवळ आजोळी झालं. दिवाळीत सतरंजीवर तीन पत्ती रंगायची. एकदा मी मामाजींच्या चेहऱ्याकडे टक लावून बसलो, तर ते म्हणाले, "थोबाड काय पाहून राहिला बे, पैसे पाह!"

तीन पत्तीत निम्मे लोक ब्लाइंड खेळतात. ज्याने स्वतःचेच पत्ते पाहिले नाहीत, त्याच्या डोळ्यांत तुम्ही काय वाचणार, कपाळ? उलट, पत्ते पाहिल्यावर ब्लाइंडवाल्याच्या दुप्पट चाल द्यावी लागते, तरी गडी टिकून आहे, ही खरी माहिती. २२,१०० शक्य हातांपैकी सुमारे ७४ टक्के हातांत साधी जोडीही नसते. मामाजींना हे गणित ठाऊक नव्हतं; पण कोण कितव्या चालीला पॅक होतो, ते वर्षानुवर्षं डोक्यात पक्कं.

तीस वर्षांच्या ओळखीच्या मावसभावाचा चेहरा वाचता येतो, मान्य. अनोळखी माणसाचा? बाँड आणि डीपाउलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निकाल एकत्र केले. खरं-खोटं ओळखण्यात लोक बरोबर ठरले ५४ टक्के वेळा. नाणं उडवलं तरी ५०! आणि २०१७ मध्ये पिट्सबर्गला लिब्रेटस नावाच्या प्रोग्रॅमने चार कसलेल्या पोकरपटूंना १ लाख २० हजार डावांत हरवलं. त्याला तर डोळेच नव्हते.

असो. पत्त्यांत हरले तर यांचेच पैसे जातील, मला काय! पण हीच मंडळी पुण्यात इंटरव्ह्यूलाही बसतात ना राव. मागे तुमसरकडचा एक पोरगा आला होता. बोलताना सारखा खाली बघायचा. आमच्याकडे मोठ्यांसमोर असंच बोलतात. डोळे रोखून बोललं तर आगाऊ म्हणतात. माझ्या सहकाऱ्याचा निकाल तयार: "नजर देत नाही, ब्लफ मारतोय." मी दोनदा "अरे, पण..." म्हणालो आणि गप्प बसलो.

त्याने लिहिलेला प्रोग्रॅम मी संध्याकाळी चालवून पाहिला. पहिल्याच फटक्यात चालला.