कारण आणि सबब

सुझान कॉलिन्सची ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ (२०२०) वाचून ‘बिचारा स्नो, परिस्थितीनं बिघडला’ म्हणणारे बरेच भेटतात. मंडळी, मला हे अजिबात मान्य नाही.

‘हंगर गेम्स’च्या मूळ तीन पुस्तकांतला क्रूर अध्यक्ष स्नो इथे अठरा वर्षांचा आहे. युद्धात घराण्याचा पैसा बुडालेला. घरात कोबी उकडून पोट भरायचं आणि बाहेर श्रीमंतीचा आव आणायचा. वाईट वाटतं, कबूल! पण त्याच घरात, त्याच आजीच्या हाताखाली, त्याची बहीण टायग्रिसही वाढली ना? तोच कोबी तिनंही खाल्ला. स्नोला चारचौघांत नीट दिसता यावं म्हणून वडिलांचा जुना शर्ट तिनंच नवा करून दिला. भुकेनं ती का नाही बिघडली?

आणि स्नो? आपल्याला भाऊ मानणाऱ्या सेजानसचं बोलणं तो गुपचूप टिपून वर पोचवतो. सेजानस फासावर जातो. पुढे त्याच्याच आईबापांच्या पैशावर हा मोठा होतो!

गोष्ट तृतीयपुरुषी आहे, पण लेखिका स्नोच्या डोक्याबाहेर पाऊल टाकत नाही. म्हणून त्याची सबब आपल्याला कारण वाटू लागते. ‘खलनायकाच्या बाजूनं लिहूच नये’ हेही मला पटत नाही. सबब आतून कशी शिजते, ते एरवी कळणार कसं?

असो. पुस्तक जरूर वाचा, पण लक्ष टायग्रिसवर ठेवा. ‘मॉकिंगजे’त (२०१०) कॅटनिसला आपल्या दुकानाच्या तळघरात लपवणारी टायग्रिस ती हीच.